मी बदलून सांगितलेलं वाक्य

परभणीच्या जनाना दवाखान्यात मी कामाला लागले तेव्हा मला ना औषधांची नावं ठाऊक होती, ना नाडी पाहता येत होती. दोन भाषा येत होत्या, तेवढंच माझं भांडवल. मराठी घरची आणि उर्दू वडलांची. वडील गंगाखेडच्या तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, त्यामुळं त्यांच्या बोटांना शाई आणि तोंडात उर्दू कायमची. संध्याकाळी ते माझ्या भावांना अलिफ-बे शिकवायला बसत, तेव्हा मीही पाटी घेऊन बसे. "पोरीला कशाला हे?" असं कुणी म्हणालं की ते म्हणत, "पाटीला काय कळतंय, लिहिणारा हात पोराचा का पोरीचा?"

भाऊ कंटाळले, मी टिकले. हे मी अभिमानानं सांगते. आता या वयात लाजायचं कुणाला?

लग्न होऊन परभणीला आले. आमचे मालक शाळेत मास्तर होते. पहिली तीन-चार वर्षं माझी उर्दू ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखी नुसती घडी घालून पडून होती. मग एकदा नणंद माहेरी आली. पाचवा महिना आणि पायाला सूज. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात नवी मुसलमान डॉक्टरीण आलीय म्हणे हैद्राबादची. हिला दाखवून आण."

दवाखान्यात पडदा लावलेला होता. आत डॉक्टरीणबाई आणि पेशंट बाई, बाहेर कंपाउंडर. डॉक्टरीणबाई उर्दूत विचारायच्या, कंपाउंडर पडद्याबाहेरून मोठ्यानं त्याचं मराठी करायचा, आणि आतल्या बाईनं परक्या पुरुषाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. त्यानं विचारलं, "अंगावरून जातं का?" रांगेतल्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या. आत माझी नणंद म्हणाली, "काई न्हाई."

पाय दुखतात का? काई न्हाई. चक्कर येते का? काई न्हाई.

मला राहवेना. घरी तर ही रडून रडून सांगत होती. मी पडदा सारून आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना सरळ उर्दूत सांगितलं, की हिला रोज सकाळी डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि पहिली खेप सातव्या महिन्यात गेली. त्यांनी झटकन मान वर केली. पस्तिशीच्या असतील. अंगानं बारीक, गोल चष्मा, पांढरी साडी आणि चेहऱ्यावर देवीचे दाट व्रण. त्यांनी नणंदेला नीट तपासलं, औषध दिलं, आणि मला म्हणाल्या, "कल से आप आ सकेंगी?"

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या पायाची सूज उतरली, तेव्हा म्हणाल्या, "जा. पण आल्यावर न्हाऊन मगच घरात पाय ठेवायचा." मी कबूल केलं. थंडीतसुद्धा रोज दुसरी अंघोळ मागच्या अंगणात केली, पण काम सोडलं नाही.

मला वाटलं होतं, इकडचा शब्द तिकडं आणि तिकडचा इकडं करायचा, झालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की शब्द हा त्यातला सोपा भाग.

एक म्हातारी आली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला तशी ती कौतुकानं म्हणाली, "तू लय गुनाची गं. कुठली तू? तुझ्या मायनं तुला कसं गं एवढं शिकिवलं?" 'तू' हा शब्द उर्दूतही तोच, तेवढा बाईंना कळला. त्यांनी हात सोडला, चेहरा एकदम ताठ. मला हळूच म्हणाल्या, "मैंने इन्हें आप कहा, ये मुझे तू कह रही हैं."

मी म्हणाले, "डॉक्टर साहिबा, ही आपल्या आईला तू म्हणते. देवाला पण तू म्हणते."

"और शौहर को?"

"त्याला नाही. त्याला तुमी."

मग म्हणाल्या, "मतलब जो अपना हो, उसी को तू." मी म्हणाले, हो, तसंच. त्यांनी म्हातारीचा हात पुन्हा हातात घेतला. पुढं एखादी बाई त्यांना 'तुमी' म्हणाली की त्या मला चिडवून विचारायच्या, "ये मुझसे नाराज है क्या?"

दुसरं एक प्रकरण मोठं गमतीचं झालं. आमच्याकडं कुणी 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं, म्हणून निघताना 'येते' म्हणायचं. बाया औषधाची बाटली पदरात घेऊन "येते बाई" म्हणायच्या आणि जायच्या. डॉक्टरीणबाईंना वाटायचं ही परत येणार. त्या आयाला सांगून स्टूल रिकामं ठेवायच्या, पुढची बाई आत घ्यायच्या नाहीत. दुपार व्हायची. मी दोन दिवस रजेवर होते तेव्हाचा हा सगळा घोटाळा. परत आले तर बाई रागानं लाल. "यहाँ की औरतें झूठ बहुत बोलती हैं!" मी खुलासा केला तेव्हा चष्मा काढून इतक्या हसल्या, की कंपाउंडर पडद्याबाहेरून विचारायला लागला, काय झालं, काय झालं.

दवाखान्याच्या रजिस्टरात नवऱ्याचं नाव लागायचं आणि बाई ते मेली तरी तोंडातून काढायची नाही. मी ओळखायला शिकले. "रामाच्या बापाचं" म्हणाली की कळायचं. "दिवाळीत लावतेत ते" म्हणाली की कळायचं. एका बाईनं नुसतं आभाळातल्या सूर्याकडं बोट केलं. डॉक्टरीणबाईंना हा खेळ फार आवडायला लागला, त्या माझ्या आधी ओळखायचा प्रयत्न करायच्या.

आणि 'उद्या'. "उद्या परत दाखवायला या" म्हटलं की बाई मान डोलवून "व्हय, उद्या" म्हणायची आणि महिनाभर फिरकायची नाही. तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडं उद्धटपणा, म्हणून नाहीचंच नाव उद्या. हे मात्र त्यांना पटलं नाही. "इन्कार करना हो तो इन्कार करो," असं त्या म्हणायच्या. मी म्हणायची, हाच इन्कार आहे.

असं वर्ष गेलं असेल. मी बायांचं बोलणं बाईंना सांगताना थोडं मऊ करायला लागले होते, बाईंचं बायांना सांगताना त्याहून मऊ. कुणाचं मन दुखू नये, काम व्हावं. त्यात मला स्वतःची हुशारी वाटायची. बाया डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडं पाहून आपसात म्हणायच्या, "हिला आई भेटून गेल्यात." आमच्याकडं देवीच्या रोगाला आई म्हणत. हे मी त्यांना एकदाही उर्दूत सांगितलं नाही. उगीच वाईट वाटेल म्हणून.

मग पेडगावच्या अलीकडं, सडकेपासून आत असलेल्या एका गावात देवी आल्या. दोन घरांत लेकरं पडली. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा माणूस गेला तर गावानं दारं लावून घेतली. वरून हुकूम आला की डॉक्टरीणबाईंनी जावं, बायांना समजवावं. आम्ही दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून निघालो. आठवडाभर बाईंना नीट झोप नव्हती.

गावात पाटलाच्या ओसरीवर बाया जमल्या. पाटलीणबाई पन्नाशीच्या, धिप्पाड, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्यांनीच बायांना बोलावून आणलं होतं. सगळ्यांपासून लांब, अंगणातल्या कडुलिंबाखाली एक तरुण बाई एकटीच बसली होती, पदर डोक्यावरून पुढं ओढून.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या. "ये कोई देवी-वेवी नहीं है. ये चेचक है, बीमारी है. जो माँ अपने बच्चे को टीका लगाने नहीं देगी, वो अपने बच्चे की कातिल होगी."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "बाई म्हणतेत, आई गावात आल्यात, त्यांचा मान राखा. आन् ज्या लेकरांकडं अजून आल्या न्हाईत, त्यांच्या दंडावर आईच्या नावानं एक खूण करून घ्या."

बायांच्या माना हलायला लागल्या. एक-दोघी लेकरांना पुढं ढकलायला लागल्या. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाल्या, "थांबा गं. मास्तरीणबाई, बाई हे न्हाई मनल्या. तू बदलून सांगायलीस."

पाटलीणबाईंचं माहेर बीदरकडचं, लहानपण मुसलमान शेजारात गेलेलं. त्यांना शब्द न् शब्द कळला होता. त्या डॉक्टरीणबाईंकडं वळून मोडक्या उर्दूत म्हणाल्या, "तुमारा बोलना ये नई बोली. इसने देवी का मान रखो बोली."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात त्यांनी माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं. "आपने इनसे क्या कहा?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, उर्दूत. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो साल भर से मैं किससे बात कर रही थी? इनसे या आपसे?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "आता बाई काय मनल्या ते नीट सांग. एकबी शबूद गाळू नको. आमी काय लेकरं न्हाव गोड करून खायला."

मी सांगितलं. देवी नाही म्हणाल्या तेही सांगितलं. कातिल म्हणाल्या तेही सांगितलं. म्हणाले, "जी माय टोचू देणार न्हाई, ती आपल्या लेकराची खुनी, असं बाई मनल्या."

ओसरीवर एकदम कालवा झाला. आणि लिंबाखालची ती बाई उठली. रडली नाही, पदर सारखा केला आणि सरळ घराकडं चालायला लागली.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "देखिए, वो इन्कार करके जा रही हैं."

पाटलीणबाईंचा आवाज खाली आला. "इन्कार न्हाई, बाई. तिचं थोरलं पोरगं चार दिसांमागं गेलं. धाकटी पोरगी पडलीय. घरात आई असल्यावर रडायचं नसतं, आई कोपतेत. मनून ती रडना."

हे मी उर्दूत केलं. एकही शब्द न गाळता, न घालता. डॉक्टरीणबाई खाली बसल्या. ओसरीच्या पायरीवर, सगळ्यांच्या समोर. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उनसे पूछिए, मैं उनके घर आ सकती हूँ?"

पूछिए. इतके दिवस त्या 'कहिए' म्हणत, बायांना सांगा. परवानगी विचारा असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी धावत त्या बाईला गाठलं. ती म्हणाली, "आई हायेत घरात. यायचं तर वहाना भाईर, पाय धुऊन या."

दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते. डॉक्टरीणबाईंनी बूट काढले, मोजे काढले, रांजणातल्या पाण्यानं पाय धुतले आणि वाकून आत गेल्या. तीन-चार वर्षांची पोर लिंबाच्या पाल्यावर निजली होती. बाई जमिनीवर बसल्या. पोरीला हात लावला नाही. आईनं "बगा" म्हणून मान हलवली तेव्हाच लावला. आईनं त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं बी आल्या व्हत्या."

हेच मी वर्षभर गाळत आले होते. पण आता गाळायचं नव्हतं. मी म्हणाले, "वो कह रही हैं, आपके पास भी आई थीं."

"कौन?"

"देवी. माता."

त्यांचा हात आपोआप गालावर गेला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "हाँ. आई थीं. मैं सात बरस की थी. मुझे छोड़ गईं, मेरी छोटी बहन को साथ ले गईं."

मी मराठीत म्हणाले, "व्हय, आल्या व्हत्या. मी सात वर्सांची व्हते. मला ठिवलं, धाकट्या बहिनीला संगं घेऊन गेल्या."

ती आई एकदम रडायला लागली. इतका आवाज की बाहेरच्या बाया दाराशी आल्या. पाटलीणबाईंनी दारातून पाहिलं, मला वाटलं आता रागावणार, पण त्यांनीच बाकीच्यांना मागं सारलं आणि दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई तिथंच बसून राहिल्या. मी भाषांतर करावं असं काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या आईनं डोळे पुसले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मोठ्या पोरीला पुढं केलं. "हिला टोचा."

बाई पिशवी उघडणार, तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाल्या, "आज मंगळवार हाय. आईचा वार. आन् ज्या घरात आई हायेत तिथं लोखंड लावत न्हाईत. उद्या माझ्या वसरीवर या. समदं गाव येईल."

उद्या. तो शब्द बाईंनी मराठीतच ओळखला आणि हताश होऊन माझ्याकडं पाहिलं. मला विचारलं, "ये कौनसा कल है?"

वर्षभरातला सगळ्यात अवघड प्रश्न. मी पाटलीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी वार सांगितला होता, जागा सांगितली होती, कारण सांगितलं होतं. टाळणारी बाई इतकं सांगत नाही. मी म्हणाले, "सच्चा कल है. मेरी जिम्मेदारी."

रात्रभर मला मात्र घोर लागला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर पाटलाची ओसरी रिकामी. कुत्रंसुद्धा नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि पिशवी पायरीवर ठेवली. मग वेशीकडून वाजंत्र्याचा आवाज आला. बाया येत होत्या. सगळ्या न्हालेल्या, लेकरांचे केस ओले, हातात रिकामे तांबे. आधी वेशीपाशी लिंबाला पाणी घालून आईची परवानगी घेतली होती आणि मग टोचून घ्यायला आल्या होत्या. गावानं आपली वाट आपण काढली होती. ती मला सुचली नसती, बाईंनाही नसती.

पाटलीणबाईंनी सगळ्यात आधी आपला दंड पुढं केला. "आधी मला. म्हातारीला काई झालं न्हाई मनल्यावर लेकरं भ्यायची न्हाईत." बाई म्हणाल्या, यांना इतकी गरज नाही. मी तेही सांगितलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "मला न्हाई गं, त्यांना गरज हाय," आणि बायांकडं बोट केलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांच्या दंडावर टोचलं.

दुपार टळेपर्यंत रांग चालली. ती मोठी पोरही आली, आईचा पदर धरून. रांग संपली तेव्हा बाईंनी विचारलं, "सब हो गए?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "व्हय, समदे." मीही म्हणणार होते. पण गाळायचं नाही असं मनाशी ठरलं होतं. मी म्हणाले, "नहीं. गाँव के बाहर महारवाडा है. वो लोग इस ओसरी पर नहीं आ सकते."

बाई पिशवी उचलून निघाल्या. मी बरोबर चालले ती गावकुसापर्यंत. तिथं माझे पाय थांबले. कुणी थांबवलं नव्हतं. आपणहून थांबले.

बाईंनी वळून पाहिलं. "आप हमारे घर का पानी नहीं पीतीं," त्या शांतपणे म्हणाल्या, "मैंने कभी कुछ नहीं कहा. आज पूछती हूँ. आप आएँगी, या मैं अकेली जाऊँ? मुझे उनकी जबान नहीं आती."

त्या थांबण्याचं भाषांतर मला कुठल्याच भाषेत करता येईना. आपल्याच मुलखातल्या माणसांना शिवायला मी का बिचकते ते एका परक्या बाईला मी कोणत्या शब्दांत सांगणार होते? मी पुढं पाऊल टाकलं. तिथल्या बायांनी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. एकीनं विचारलं, "तुमी बसणार का, बाई?" तो प्रश्न मला होता, डॉक्टरीणबाईंना नव्हता. मी बसले. त्यांची सगळी लेकरं झाल्याशिवाय उठले नाही.

परतताना दमणीत मला तहान लागली. बाईंच्या सुरईतलं पाणी मी मागून घेतलं. घरी गेल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, पाण्याचं पण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज दोनदा न्हा." आणि स्वतः बंबात पाणी तापवायला गेल्या. त्या माउलीनं माझ्यासाठी पाणी तापवलं ते पहिल्यांदाच.

ती धाकटी पोर वाचली. चेहऱ्यावर व्रण राहिले. तीन महिन्यांनी तिची आई तिला घेऊन मुद्दाम परभणीला आली आणि डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर बसवून म्हणाली, "बगा, तुमच्यावानी दिसायलीय." मी ते तसंच सांगितलं. बाईंनी पोरीच्या गालाला गाल लावला. त्या गावात त्यानंतर देवीनं लेकरू गेलं नाही.

आमचा एक नियम ठरला. आधी बाई जे बोलली ते शब्दाला शब्द सांगायचं, गोड असो कडू असो. मग वेगळं थांबून, तिच्या बोलण्याचा अर्थ काय असावा ते माझं म्हणून सांगायचं. "पहले उनकी बात, फिर आपकी," असं बाई म्हणायच्या. मी पुढची सगळी वर्षं तसंच केलं आणि कुणाला पुन्हा "बदलून सांगायलीस" म्हणायची वेळ येऊ दिली नाही.

मग रझाकारांचं वर्ष आलं. सडकेवरून माणसं दिसेनाशी झाली. दवाखान्यात बाया यायच्या त्या पदराआड तोंड लपवून. भीती होती, पण पडद्याच्या आत एकमेकींना शिवी देताना मी कुणाला ऐकलं नाही. आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर भीती दुसऱ्या बाजूला, मुसलमान घरांत गेली. डॉक्टरीणबाई एकट्या राहायच्या. आयानं यायचं बंद केलं. चौथ्या दिवशी दुपारी, भर बाजारातून, सगळ्यांनी पाहावं अशी एक दमणी दवाखान्यापुढं थांबली. आत पाटलीणबाई होत्या आणि गाडीमागं त्यांचे दोन मुलगे काठ्या घेऊन चालत आले होते.

त्या म्हणाल्या, "बाईंला सांग, गुमान गाडीत बसा. लय इचार करू नका. माझ्या घरी कोन येतंय ते बगते मी."

मी शब्दाला शब्द सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "और इनके घर पर आँच आई तो?" मी विचारलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "तवा बी आमच्याकडं आल्या व्हत्या न्हवं का ह्या, दारं लावलेली असताना?"

बाई पंधरा दिवस त्या घरात राहिल्या. त्यांचं जेवण वेगळ्या भांड्यात व्हायचं, आठवड्यानं एकाच चुलीवरचं व्हायला लागलं. कुणी त्या घराकडं वाकडी नजर केली नाही. रस्ते शांत झाल्यावर त्यांचा भाऊ येऊन त्यांना हैद्राबादला घेऊन गेला. त्या जाताना सगळं गाव वेशीपर्यंत आलं, महारवाड्यातल्या बायासुद्धा. त्या दिवशी आपण या मुलखातल्या आहोत याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. आणि त्याच मुलखात त्याच दिवसांत दुसरीकडं काय काय झालं ते ऐकून खालीही पाहावं लागलं. दोन्ही खरं आहे.

कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली. दवाखान्यात पुण्याकडच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या, मोठ्या हुशार. त्यांनी मला पहिल्याच दिवशी प्रेमानं सांगितलं, "आता तुम्हाला त्रास नको. मी मराठीच आहे."

मी सामान आवरायला घेतलं. आत पहिली बाई गेली. थोड्या वेळानं पडदा सरकला आणि नव्या बाई बाहेर आल्या, कपाळाला आठ्या.

"अहो, ती म्हणते 'पोटात कालवायलंय', 'कावळा शिवना', आणि विचारलं तर म्हणते 'काई न्हाई'. तिला मराठी येत नाही का?"

"तिला येते," मी म्हणाले, "पाळी चुकलीय, मळमळतंय म्हणते ती. चला, मी येते आत."

पुढं निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होते. मराठीतून मराठीत.